मोटारीतील ऊब

माळव्याची रात्र सुखद म्हणून पूर्वीपासून नावाजलेली आहे. परंतु पौष महिन्यात तीच रात्र पहाटेकडे झुकू लागली म्हणजे तिचे सुख अंगाला बोचू लागते. इंदूर समुद्रापासून दूर, सुमारे ५५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री निरभ्र आकाशाखाली झपाट्याने निवते आणि डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. आम्ही मूळचे समुद्रकाठचे. तिकडे हिवाळा म्हणजे एक पांघरूण अधिक, एवढाच हिशेब. त्यामुळे मोटारीत ‘हीटर’ नावाची वस्तू असते आणि तिच्यावाचून माणसाचे अडू शकते, हे आम्हांस इंदुरात आल्यावर कळले. आणि तेही एका घाटात कळले.

आमच्याकडे वीस वर्षांची एक छोटी मोटार आहे. गेल्या संक्रांतीच्या आधीच्या रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही तिच्यातून ओंकारेश्वराच्या दर्शनास निघालो. बरोबर वृद्ध आई आणि शेजारची दोन मुले होती. थंडीमुळे सर्व काचा घट्ट लावलेल्या होत्या. सिमरोळ मागे पडले न पडले तोच पुढच्या काचेवर आतून धुके धरू लागले. फडक्याने पुसावे, तो पुन्हा पडदा तयार! हीटरची कळ सरकवली, पंखा घोंघावू लागला. परंतु त्यातून जो वारा आला तो ओल्या माठाला स्पर्शून आल्यासारखा. पुढे भेरूघाटाची वळणे होती. समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे धुरकट काचेवर नुसते पांढऱ्या डागासारखे पसरत. एका वळणावर रस्त्याची कड आम्हांस समजली ती डावे चाक कच्च्यात उतरल्यावर. गाडी तेथेच थांबविली. कोणास काही इजा झाली नाही; पण मागे बसलेल्या मुलांचे चेहरे पाहून आमच्या पायांतले बळच गेले. उजाडेपर्यंत आम्ही तेथून हललो नाही.

परत आल्यावर गाडी एका दुरुस्तीच्या दुकानात दाखविली. तेथील मिस्त्रींनी कळ इकडून तिकडे फिरविली आणि लगेच निदान सांगितले: “हीटरचा कोर गेला. डॅशबोर्ड खोलावा लागेल. दोन दिवस गाडी ठेवा.” खर्चाचा आकडा ऐकून आम्ही विचार करतो म्हणून घरी आलो. दुसऱ्या दिवशी शाळेत ही हकीकत विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांच्या कानांवर घातली. ते हसून म्हणाले, “अहो मास्तर, ताप आला म्हणून कोणी आधी पोट फाडते काय? नाडी तर बघा!” ती नाडी कशी पाहावयाची, हेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम ही ऊब येते कोठून, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते की घरातील विजेच्या शेगडीप्रमाणे मोटारीतही एखादी तार तापत असावी. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीत तसे काही नसते. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता निघते. आमची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताना तासाला साधारण ४ लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे १२८ मेगाज्यूल. त्यास ३६०० सेकंदांनी भागले की सुमारे ३५ किलोवॅट हा आकडा येतो. ह्यातील साधारण चौथा हिस्साच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेपैकी बरीचशी धुराबरोबर नळीवाटे बाहेर जाते आणि एकूण उष्णतेच्या जवळजवळ एकतृतीयांश, म्हणजे दहा-बारा किलोवॅट, इंजिनाभोवती खेळविलेले पाणी शोषून घेते. घरातील दोन कांड्यांचा मोठा हीटर २ किलोवॅटचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही संपत्ती किती मोठी आहे ते कळेल. ही उष्णता काढून घेतली नाही तर इंजिन वितळून बसेल. म्हणून पुढच्या रेडिएटरमधून ती वाऱ्यावर उधळून द्यावी लागते. जे उधळावयाचेच आहे त्यातील थोडे बैठकीकडे वळविणे, एवढेच हीटरचे काम. १९३८ साली अमेरिकेत नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा ओढून, ती गाळून आणि इंजिनाच्या गरम पाण्यावर तापवून आत सोडण्याची योजना आपल्या मोटारींत आणली. तेच तत्त्व पुढे जगभर रूढ झाले. फोक्सवॅगन बीटलसारख्या ज्या गाड्यांचे इंजिन पाण्याऐवजी हवेने थंड होते, त्यांची योजना मात्र निराळी होती. तेथे धुराच्या नळीभोवतीची गरम हवा आत घेतली जाई.

डॅशबोर्डच्या मागे दप्तरातील जाड वहीएवढा एक लहानसा रेडिएटर बसविलेला असतो. त्यालाच हीटरचा कोर म्हणतात. इंजिनातून एका रबरी नळीने गरम पाणी त्यात येते, अरुंद नळ्यांतून फिरते आणि दुसऱ्या नळीने परत जाते. पंखा त्यावरून हवा लोटतो. काही गाड्यांत पाणी कमीजास्त करण्यास नळीवर तोटी असते. काहींत पाणी सतत वाहते आणि गार व गरम हवा मिसळण्यासाठी एक झडप असते. डॅशबोर्डवरील कळ एका तारेने ही तोटी किंवा झडप हलविते.

ह्या साऱ्या व्यवस्थेवर थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा पहारेकरी असतो. त्याच्या पोटात मेण भरलेले असते. पाणी गार असेतोवर तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापते. पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोहोचले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. म्हणूनच गाडी सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे हीटर गारच राहिला तर तो दोष समजू नये. जे पाणी अजून तापलेच नाही, ते ऊब कोठून देणार? मात्र ऊब लवकर यावी म्हणून बंद खोलीत किंवा दार लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कोणीही बसू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईड ह्या वायूस रंग नाही, वास नाही. झोप लागावी तसा तो माणसाचा प्राण घेतो.

आता काचेवरील धुक्याकडे वळू, कारण खरा धोका त्याचा आहे. हवा जितकी उष्ण तितकी तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती अधिक. दहा अंशांवर एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९ ग्रॅम बाष्प मावते, तर तीस अंशांवर सुमारे ३० ग्रॅम. बंद गाडीत चार माणसांच्या श्वासाने हवा दमट होते. ती गार काचेला भिडली की तिला आपले बाष्प पेलत नाही आणि त्याचे बारीक थेंब काचेवर जमतात. उलट, बाहेरची गार हवा तापवून काचेवर सोडली तर तिच्यात बाष्प थोडे आणि ते धरण्याची शक्ती मोठी, अशी स्थिती होते. काचेवरचा ओलावा ती पिऊन टाकते, आणि काचही उबदार होते. म्हणून काच स्वच्छ करताना हवेची कळ ‘बाहेरील हवा’ ह्या बाजूस असावी. आतलीच हवा फिरत ठेवली तर धुके वाढते. हीटर अगदीच निकामी असेल तर थंडी सोसून दोन काचा बोटभर खाली कराव्यात. हे एवढे आम्हांस त्या पहाटे ठाऊक असते, तर घाटातील तो प्रसंग बहुधा आलाच नसता.

आता नाडी. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून इंजिन चांगले तापू द्यावे. हीटरची कळ पूर्ण गरम बाजूस ठेवावी. मग इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि बॉनेट उघडावे. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात व कपडे त्यापासून दूर ठेवावेत. इंजिन आणि बैठक ह्यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. तिच्यातून अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन रबरी नळ्या आत गेलेल्या दिसतील. घडी केलेल्या फडक्यावरून त्यांना क्षणभर स्पर्श करावा. हे काम मोठ्यांनी करावे. मुलांनी शेजारी उभे राहून पाहावे.

दोन्ही नळ्या चटका बसण्याइतक्या गरम असतील तर पाण्याची बाजू निर्दोष आहे. खोट हवेच्या बाजूस आहे. अशा वेळी बहुधा कळीची तार निसटलेली असते, झडप अडकलेली असते किंवा पंखा मंद झालेला असतो. पुढच्या काचेखालील जाळीत कडुनिंबाची वा पिंपळाची पाने साचून हवेची वाट बंद झाल्याचेही पुष्कळदा आढळते. ज्या गाड्यांत हवा गाळण्याचा फिल्टर असतो, तेथे तो धुळीने गच्च भरलेला असतो. ही दुरुस्ती हलकी आणि स्वस्त.

एक नळी गरम आणि दुसरी जवळजवळ गार असेल तर पाणी दारापर्यंत येते पण घरात शिरत नाही, असे समजावे. (थोडा फरक असणारच, ऊब देऊन पाणी काहीसे निवते.) तोटी उघडत नसेल, कोरमध्ये हवा कोंडली असेल किंवा कोर गाळाने तुंबला असेल. तोटी आणि हवा ह्यांचा निकाल लावल्यावरच कोर तुंबला असे म्हणावे. तुंबलेला कोरही लगेच बदलावा लागतो असे नाही. इंजिन पूर्ण निवल्यावर दोन्ही नळ्या सोडवून, पाणी ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूने स्वच्छ पाण्याची मंद धार सोडली तर गाळ उलट पावली बाहेर येतो. धार जोराची नसावी. जुना कोर फुटतो. तीव्र आम्लही वापरू नये. ॲल्युमिनियमचे भाग त्याने खाल्ले जातात. पायाखालचा गालिचा ओला होणे, गोडसर वास येणे आणि काचेवर चिकट थर धरणे ही मात्र कोर गळत असल्याची लक्षणे आहेत. तेव्हा तो बदलणेच भाग.

दोन्ही नळ्या कोमट असतील तर तापमान दाखविणाऱ्या काट्याकडे पाहावे. काटाही खालीच राहत असेल, विशेषतः भरधाव जाताना अधिक खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा राहून अडकला आहे. पाणी तापण्यापूर्वीच रेडिएटरमध्ये निवते. थर्मोस्टॅट नवा घातला की काम झाले. परंतु काटा मध्यावर किंवा त्याहून वर आणि नळ्या मात्र कोमट, अशी विसंगती दिसली तर सावध व्हावे. पाणी कमी झाले आहे किंवा ते फिरविणारा पंप नीट काम करीत नाही, असा त्याचा अर्थ.

आमच्या गाडीची नाडी ह्या शेवटच्या प्रकारची निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण उघडून पाहिले, तो आत पाण्याचे दर्शनच नाही! शेजारची प्लॅस्टिकची बाटली मात्र खुणेपर्यंत भरलेली होती आणि तिच्याकडे पाहूनच आम्ही आजवर निश्चिंत होतो. ह्यातील मर्म असे: पाणी तापून फुगले की झाकणातील एका झडपेतून ते बाटलीत जाते, निवून आकसले की दुसऱ्या छोट्या झडपेतून परत ओढले जाते. झाकणाचे रबर कुजले तर पाण्याऐवजी हवाच आत ओढली जाते आणि बाटली भरलेली दिसत राहते. त्यातच खालच्या एका नळीच्या पट्टीपाशी हिरवट पांढरा डाग दिसला. तेथून थेंब थेंब पाणी झिरपत होते. कित्येक गाड्यांत हीटरचा कोर पाण्याच्या मार्गात उंचावर असतो. पाणी आटू लागले की आत शिरलेली हवा प्रथम तेथे जमते. म्हणून इंजिनाच्या आधी हीटर गार पडतो. आमचा हीटर बिघडलेला नव्हता. पाणी आटत चालल्याची वर्दी तो देत होता.

येथे त्या घाईच्या निदानाचा विचार करून पाहावा. आम्ही कोर बदलून घेतला असता तर काय झाले असते? काम संपल्यावर नवे पाणी भरले गेले असते, हीटर गरम झाला असता आणि आम्ही मिस्त्रींना दुवा दिला असता. झिरपणे मात्र तसेच चालू राहिले असते. हिवाळा सरल्यावर हीटर कोण लावतो? वर्दी देणारा गप्प बसला असता, आणि मे महिन्याच्या उन्हात एखाद्या चढावर इंजिन उकळून त्याचे हेड वाकले असते. म्हणजे रोग झाकला गेला असता, बरा झाला नसता. प्रत्यक्षात एक झाकण, एक पट्टी, हातभर रबरी नळी आणि कूलंट एवढ्यावर भागले, आणि खर्च सांगितलेल्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आला.

पाणी भरण्यासही पद्धत आहे. गाडीचे नाक चढावर ठेवून, गार इंजिनात झाकण काढून कूलंट भरावे, हीटर पूर्ण उघडा ठेवावा आणि इंजिन मंद चालू करावे. बुडबुडे येत राहतील आणि पातळी उतरेल तसतशी भर घालावी. बुडबुडे थांबले की, उकळी येण्यापूर्वीच, झाकण लावावे. काही गाड्यांत हवा काढण्यासाठी निराळा स्क्रू असतो. एक नियम मात्र सर्वांनी पाठ करावा: गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वरही ते उकळत नाही. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन तोंडावर उसळते. आणि भरलेले पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल, बाहेर गळती दिसत नसेल, तर हेडच्या गॅसकेटची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडून करवून घ्यावी.

कूलंटच्या जागी नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय आपल्याकडे फार आहे. माळव्याच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. घरच्या गीझरच्या कांडीवर जसा पांढरा थर बसतो, तसाच तो इंजिनात आणि कोरच्या अरुंद नळ्यांत बसतो. हा थर उष्णता अडवितो आणि शेवटी वाटही बंद करतो. कूलंटमधील ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविते आणि त्यातील इतर द्रव्ये गंज रोखतात. म्हणून इंदुरात पाणी गोठत नसले तरी कूलंट हवेच. ते गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे असावे आणि शुद्ध डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे. ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी असते. जमिनीवर सांडलेले चाटून कुत्रीमांजरे मरतात. तेव्हा ते उघड्यावर ओतू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

विद्यार्थिमित्रांनो, एक प्रयोग तुम्ही शिक्षकांच्या देखरेखीखाली अवश्य करून पाहा. एखादा जुना थर्मोस्टॅट मिळवा. दोऱ्याने तो पाण्याच्या पातेल्यात टांगा, शेजारी तापमापक धरा आणि पाणी हळूहळू तापवा. ऐंशीच्या पुढे केव्हातरी त्याची झडप स्वतःहून सरकू लागेल. ज्या अंशावर ती उघडावयाची तो आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला सापडेल. आच बंद करा, म्हणजे ती पुन्हा मिटेल. ना विजेची तार, ना कोणाचा हुकूम. केवळ मेणाच्या प्रसरणावर एवढे मोठे इंजिन विसंबून असते, हे डोळ्यांनी पाहण्यात जो आनंद आहे तो पाठ केलेल्या व्याख्येत नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. त्यांची मोटर फारच थोडी उष्णता वाया घालविते, म्हणून तेथे फुकटची ऊब नाही; ती विजेच्या तारेने किंवा उष्णता-पंपाने निर्माण करावी लागते आणि तेवढी बॅटरी खर्ची पडते. इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २०२१ साली मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान मार्ग खुला झाला. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे काम करील आणि ह्याहून अवघड यंत्रे हाताळील. यंत्रे बदलतील, परंतु दुरुस्तीची रीत बदलणार नाही: आधी लक्षणे नीट पाहावी, मग कारण शोधावे, आणि शेवटीच हातात पाना घ्यावा.

ह्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच वाटेने ओंकारेश्वरास जाऊन आलो. भेरूघाटात काच आरशासारखी स्वच्छ होती आणि आई शाल मांडीवर घेऊन निवांत बसली होती. निघण्यापूर्वी मात्र शेजारच्या मुलांनी आम्हांस आठवण केली, “काका, पाणी पाहिलेत ना?” आम्ही पाहिलेले होते, पण त्यांच्यासमोर पुन्हा एकदा पाहिले.